‘द मास्टर अँड मार्गारिटा’ वाचून झाली. मध्येच अडलेल्यांसाठी थोडं काही

रशियन लेखक मिखाईल बुल्गाकोवची ‘द मास्टर अँड मार्गारिटा’ जूनमध्ये हातात घेतली होती, ती दिवाळीच्या आधी संपली. ज्यांनी ही कादंबरी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणाशी येऊन खाली ठेवली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या ओळखीत असे बरेच आहेत, आणि सगळे चांगले वाचणारे आहेत.

अडायला कारणही तसंच आहे. पहिल्या प्रकरणात १९३० च्या दशकातलं मॉस्को. मे महिन्यातली तापलेली संध्याकाळ, तळ्याकाठच्या बाकावर एक संपादक, एक तरुण कवी, आणि त्यांच्या गप्पांत येऊन बसलेला एक परदेशी गृहस्थ. पान उलटलं की दोन हजार वर्षांपूर्वीचं येर्शलाईम, म्हणजे जेरुसलेम, आणि अर्धशिशीने हैराण झालेला रोमन सुभेदार पिलात. तिसऱ्या प्रकरणात पुन्हा मॉस्को. त्यानंतर येर्शलाईम जे नाहीसं होतं ते थेट सोळाव्या प्रकरणात भेटतं. एवढ्या वेळात आपण त्या सुभेदाराला विसरून गेलेले असतो. जिच्या नावाने कादंबरी आहे ती मार्गारिटा तर एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत प्रत्यक्ष समोर येतच नाही.

मी पुण्यात राहते, चाकणच्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. इंग्रजी कादंबऱ्या वाचते, पण सवयीने नाही. मराठीत जो वेग आहे तो तिथे नाही. म्हणून पुस्तक विकत घेण्याआधी वाचनालयातून आणून बघावं असं ठरवलं. पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात नाव घातलं. छापील अर्ज, दोन फोटो, आधार कार्डाची आणि वीजबिलाची झेरॉक्स, आणि ओळख म्हणून एका जुन्या सभासदाची सही. अनामत ५०० रुपये, इंग्रजी विभागाची वर्गणी महिन्याला १५० रुपये. सभासदाची सही मिळवण्यातच आठवडा गेला, कारण आमच्या सोसायटीतल्या ज्या काकूंचं तिथे खातं होतं त्या लेकीकडे नाशिकला गेल्या होत्या. तुम्हीही नाव घालणार असाल तर आधी ही सही मिळवा, बाकीचं अर्ध्या तासाचं काम आहे. आणि अनामतीची पावती जपून ठेवा, पैसे परत घेताना मूळ पावतीच मागतात.

इंग्रजीची कपाटं वरच्या मजल्यावर. तिथल्या काकांनी यादीत नाव शोधलं, शिडी लावून पुस्तक काढलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाले, “ताई, पंधरा दिवसांत होणार नाही हे. फोन करा, मी मुदत वाढवून देईन.” बांधणी नव्याने केलेली, आतल्या पानावर शाईने दाखल क्रमांक. खूप समाधान वाटलं त्या दिवशी.

पहिले काही आठवडे नावांशी झटापट करण्यात गेले. रशियन माणसाला तीन नावं असतात, आणि लेखक कधी पहिली दोन वापरतो, कधी फक्त आडनाव, कधी लाडाचं नाव. संपादक कधी मिखाईल अलेक्झांद्रोविच, कधी नुसता बर्लिओझ. कवी इव्हान निकोलायेविच, पण कवितेखाली सही बेझदोम्नी. स्तेपान बोग्दानोविच लिखोदेयेव आणि स्त्योपा हे दोघे एकच. यावर एक साधा उपाय आहे. कादंबरीत ज्या नावाने माणूस जास्त वेळा येतो तेवढंच लिहून ठेवायचं आणि समोर त्याचा धंदा: स्त्योपा, नाट्यगृहाचा संचालक, रिम्स्की, तिथलाच पैशांचा व्यवहार पाहणारा, वारेनुखा, व्यवस्थापक, निकानोर इव्हानोविच, घरसमितीचा अध्यक्ष. एवढं पाठपोट कागदावर मावतं. कंपनीच्या बसमध्ये पुस्तकाबरोबर हा कागद मांडीवर ठेवला की मागची पानं उलटावी लागत नाहीत.

जुलैच्या शेवटी मुंबईच्या मावसबहिणीशी फोनवर बोलताना एक गोष्ट लक्षात आली. तिने ही कादंबरी आधी वाचलेली. पंधराव्या प्रकरणाबद्दल ती भरभरून बोलत होती. निकानोर इव्हानोविचला स्वप्न पडतं, स्वप्नात नाट्यगृह, तिथे प्रेक्षक जमिनीवर बसलेले, आणि घरात लपवलेलं परकीय चलन आणून द्या म्हणून एकेकाला रंगमंचावर बोलावलं जातं आहे. ती सांगत होती त्यातलं बरंचसं माझ्या प्रतीत नव्हतंच. आम्ही दोघींनी फोनवरच पहिलं पान उघडून अनुवादकांची नावं वाचली, तेव्हा उलगडा झाला.

हे जरा सविस्तर सांगते, कारण हा भाग मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. बुल्गाकोव १० मार्च १९४० ला वारला तेव्हा ही कादंबरी छापलेली नव्हती, आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघात ती छापणं शक्यही नव्हतं. त्याची पत्नी येलेना सर्गेयेव्नाने हस्तलिखित पाव शतकाहून अधिक काळ सांभाळलं. ‘मॉस्क्वा’ नावाच्या मासिकात ती दोन हप्त्यांत आली, १९६६ चा नोव्हेंबर आणि १९६७ चा जानेवारी. पण सेन्सॉरने बराच मजकूर कापून. मिर्रा गिन्सबर्ग यांचा १९६७ चा इंग्रजी अनुवाद त्या कापलेल्या पाठावरून झाला आहे. वाचनालयातली प्रत तीच होती. मायकल ग्लेनी यांचा त्याच वर्षीचा अनुवाद पूर्ण पाठावरून आहे. पुढे १९९५ मध्ये बर्गिन आणि ओ’कॉनर यांचा आला, १९९७ मध्ये पीव्हर आणि व्होलोखोन्स्की यांचा. सोव्हिएत संघात संपूर्ण पाठ पुस्तकरूपाने निघायला १९७३ साल उजाडलं. तेव्हा पुस्तक घेताना मुखपृष्ठ बघून घेऊ नका, आतलं पान उघडा. गिन्सबर्ग यांची भाषा फार प्रवाही आहे, वाचायला मला तीच गोड वाटली. पण ज्या वाक्यांसाठी माणसाला वर्षानुवर्षं गप्प बसवलं गेलं ती वाक्यं त्यात नाहीत, हे कळल्यावर तीच प्रत पुढे वाचवेना.

पीव्हर-व्होलोखोन्स्की अनुवादाची पेंग्विनची प्रत मागवली. साडेचारशेच्या आसपास पडली, यायला आठवडा लागला. मागे टिपा आहेत आणि त्या कामाच्या आहेत. आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. या खेपेला वाचनाची रीतच बदलली.

त्याला कारण पहिल्या आणि दुसऱ्या प्रकरणांमधला सांधा. परदेशी गृहस्थ, म्हणजे वोलांद (माणसाच्या रूपातला सैतान), तळ्याकाठी त्या दोघांना पिलातची गोष्ट सांगायला लागतो, आणि त्याच्या तोंडी आलेलं शेवटचं अर्धं वाक्य रक्तवर्णी अस्तराच्या पांढऱ्या झग्याचं आहे. दुसरं प्रकरण त्याच झग्याने सुरू होतं, फक्त आता तो झगा पिलातच्या अंगावर आहे आणि निसान या यहुदी महिन्याच्या चौदाव्या दिवसाची सकाळ आहे. दुसरं प्रकरण संपतं ते सकाळचे दहा वाजल्याचं सांगून, आणि तिसऱ्याच्या पहिल्या ओळीत वोलांद तेच पुन्हा म्हणतो की हो, दहाचाच सुमार होता. मॉस्कोत तोवर अंधार पडायला आला आहे.

हे लक्षात आल्यावर मी पुढची पानं चाळून फक्त सांधे शोधले. गोष्ट फोडायची नाही, प्रकरणाची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ तेवढी वाचायची. येर्शलाईमची प्रकरणं चारच आहेत: २, १६, २५ आणि २६. एकूण प्रकरणं ३२ आणि वर उपसंहार. पंधराव्याच्या अखेरीला वेड्यांच्या इस्पितळात असलेल्या कवीला झोप लागते, त्याला स्वप्नात उजाड डोंगरावर कलता सूर्य आणि पहाऱ्याचं दुहेरी कडं दिसतं. सोळावं तिथूनच सुरू होतं. चोविसाव्याच्या अखेरीला मार्गारिटा हस्तलिखित उघडून भूमध्य समुद्रावरून आलेल्या अंधाराचं वाक्य वाचते. पंचविसाव्याचं पहिलं वाक्य तेच. म्हणजे पिलातची गोष्ट आधी एक जण सांगतो, मग दुसऱ्याला ती स्वप्नात दिसते, मग तिसरी ती कागदावर वाचते. आणि तरीही ती एकच सलग गोष्ट आहे, मध्ये एक धागाही सुटत नाही. हे मला या कादंबरीतलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं. ज्या मास्टरने ती लिहिली तो तेराव्या प्रकरणात येतो आणि आपण ते हस्तलिखित जाळल्याचं सांगतो. मग वोलांदला ती कुठून ठाऊक? कवीला कशी दिसली? लेखक याचं उत्तर देत नाही, आणि मागूही नये.

आपल्याला हे अवघड जायचं कारण नाही, असंही मनात आलं. जनमेजयाच्या यज्ञात वैशंपायनाने जे सांगितलं ते सौती नैमिषारण्यात शौनकाला सांगतो, आणि आपण लहानपणापासून ते गोंधळ न होता ऐकतो. कोण कुणाला सांगतंय एवढं धरून ठेवलं की काळ कितीही मागे-पुढे झाला तरी आपण हरवत नाही.

दुसरा कागद मग वारांचा केला. मध्ये उभी रेघ, डावीकडे मॉस्को, उजवीकडे येर्शलाईम. मॉस्कोत गोष्ट बुधवारी संध्याकाळी सुरू होते, गुरुवारी रात्री नाट्यगृहातला जादूचा प्रयोग, शुक्रवारी मध्यरात्री नृत्यसमारंभ, शनिवारी सगळ्यांचं प्रस्थान. येर्शलाईममध्ये एकच शुक्रवार: सकाळी खटला, दुपारी वधस्तंभ, मग वादळ, रात्री एक खून, आणि शनिवारची पहाट. म्हणजे मॉस्कोतले चार दिवस पुरे होईतो तिकडचा एक दिवस पुरा होतो. दोन्ही शुक्रवारच्या रात्री पौर्णिमेचा चंद्र आहे. डाव्या रकान्यात शनिवारी संध्याकाळी मॉस्कोवर वादळ येतं तेव्हा लेखक अंधाराचं तेच वाक्य थोडा बदल करून वापरतो, फक्त अंधार आता पश्चिमेकडून येतो आणि दुसऱ्याच शहराचे पूल आणि महाल गडप होतात. कागद समोर नसता तर हे माझ्या नजरेतून निसटलं असतं.

आणखी एक तयारी केली. मराठी बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाचे २६ आणि २७ हे अध्याय वाचले, आणि योहानाचे १८ आणि १९. तासाभराचं वाचन आहे, मोबाइलवर फुकट मिळतं. पिलात, मुख्य याजक कयफा, येशूला पकडून देणारा यहूदा ही माणसं मूळ ठिकाणी कशी आहेत हे डोक्यात असलं की बुल्गाकोवने काय बदललं ते जागच्या जागी कळतं. त्याचा येशुआ, म्हणजे येशू, देव नाही, चमत्कार करत नाही. त्याच्यामागून बकरीच्या कातड्यावर लिहीत फिरणारा एकच माणूस आहे, लेवी, आणि तो आपलं बोलणं चुकीचं उतरवून घेतो अशी येशुआची तक्रार आहे.

गणपतीत वाचन थांबलं. घरी पाच दिवसांचा गणपती, पाहुणे, त्यात कंपनीत तिमाहीचे हिशेब. अशा खंडानंतर पुन्हा शिरताना जिथे सोडलं तिथून सुरू करू नका, एक सांधा मागे जा. मी चोविसाव्या प्रकरणाची शेवटची चार पानं वाचून पंचविसाव्यात गेले.

आणि पंचविसावं-सव्विसावं ही प्रकरणं एका बैठकीत वाचावीत. एखादा सुटीचा दिवस राखून ठेवा. वादळ नुकतंच जातं आहे. पिलातच्या पायाशी फुटलेल्या सुरईतल्या दारूचं लाल थारोळं आहे, ते कुणी पुसलेलं नाही, आणि त्यात दोन पांढरे गुलाब पडले आहेत. ज्या माणसाला वाचवायची इच्छा होती त्याला सकाळी त्यानेच मृत्युदंड दिला आहे, सम्राटाच्या धाकाने. आता त्याच्याकडे हेरखात्याचा प्रमुख आफ्रानियस येतो. पिलात त्याला सांगतो की आज रात्री यहूदाला कुणीतरी भोसकणार आहे अशी खबर आहे, तेव्हा त्याचा सांभाळ करा. आफ्रानियस विचारतो, खबर कुणाकडची? पिलात ते सांगत नाही. मग एक जुनी उसनवारी आठवल्याचं निमित्त करून पैशांची थैली त्याच्या हातात ठेवतो. आफ्रानियसला आठवतही नाही ती उसनवारी.

पहिल्यांदा वाचताना मला हे संरक्षणाचंच बोलणं वाटलं. पुढच्या प्रकरणात गेथशेमाने बागेत यहूदा मारला जातो, पैशांची थैली कयफाच्या महालात भिरकावली जाते, आणि मग आफ्रानियस येऊन आपण त्याला वाचवू शकलो नाही म्हणून खेद व्यक्त करतो. तेव्हा मागे जाऊन तो संवाद शब्द न् शब्द पुन्हा वाचला. एकही वाक्य खोटं नाही, एकही वाक्य खरं नाही, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. सरकारी भाषेत हुकूम कसा दिला जातो हे इतक्या जवळून मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. पाळत, निनावी तक्रारी, रात्रीतून गायब होणारी माणसं हे डाव्या रकान्यातल्या मॉस्कोत नाव न घेता सतत चाललेलं आहे. उजव्या रकान्यात तेच यंत्र आतून दिसतं. दोन काळ का गुंफले, हे मला त्या दुपारी कळलं.

आणि शेवटी पिलात विचारतो, यहूदाने आत्महत्या तर केली नसेल? आफ्रानियस नाही म्हणतो. पिलात म्हणतो, पण लवकरच गावात तशीच बोलवा उठेल, पैज लावतो. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदा गळफास घेतो. दोन हजार वर्षं लोक वाचत आलेली ती हकिकत या खोलीत, या दोघांच्या बोलण्यातून तयार होताना आपण बघतो. मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गच्चीत जाऊन आले.

यापुढे वाट सोपी आहे, पण रेघ पुसली जायला लागते. एकोणतिसाव्या प्रकरणात मॉस्कोतल्या एका इमारतीच्या गच्चीवर लेवी येऊन उभा राहतो. उजव्या रकान्यातला माणूस प्रथमच डावीकडे. तो निरोप आणतो की येशुआने मास्टरचं लेखन वाचलं आहे. तिसाव्यात मास्टर आणि मार्गारिटा जी दारू पितात ती यहूदियाच्या सुभेदाराची. बत्तिसाव्यात मास्टर स्वतः पिलातसमोर पोचतो, जो आपल्या कुत्र्यासह दगडी आसनावर बसून आहे, बारा हजार चंद्र उलटले तरी. पुढचं मी सांगत नाही.

एका ठिकाणी मात्र अडाल, म्हणून आधीच सांगते. मास्टर आणि मार्गारिटा नक्की कुठे वारली? तळघरातल्या खोलीत, दोघं एकत्र, असं एका ठिकाणी आहे. पण मार्गारिटा तिच्या बंगल्यात कोसळताना दिसते, आणि मास्टर इस्पितळातल्या ११८ नंबरच्या खोलीत वारल्याचं परिचारिका कवीला सांगते. उपसंहारात म्हटलं आहे की दोघांना पळवून नेलं, मागमूस लागला नाही. मी दोन्ही कागद घेऊन हे जुळवत बसले होते. ते जुळत नाही, आणि आपल्याला नीट कळलं नाही म्हणून जुळत नाही असं नव्हे. बुल्गाकोवने पहिला मसुदा १९३० मध्ये स्वतः जाळला होता, पुन्हा आठवून लिहिली, आणि मूत्रपिंडाच्या आजाराने दृष्टी गेल्यावर अंथरुणातून पत्नीला दुरुस्त्या सांगत राहिला. त्या पूर्ण झाल्या नाहीत. मला ही न जुळलेली जागा तशीच राहिली हे योग्य वाटतं. कुणी संपादकाने ती मागाहून सारखी केली असती तर मला राग आला असता.

उपसंहार टाळू नका. मास्टरने तेराव्या प्रकरणात आपल्या कादंबरीचे शेवटचे शब्द आधीच ठाऊक असल्याचं सांगितलेलं असतं. ते शब्द कुठे कुठे येतात ते तिथपर्यंत पोचलात की पाहा. माझ्या मावसबहिणीच्या मते उपसंहार जरा लांबला आहे. माझ्या मते कवीचं पुढे काय झालं हे त्यातलं सगळ्यात करुण पान आहे, आणि यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

वाचनालयाचं सभासदत्व चालू ठेवलं आहे. तिथल्या काकांना प्रतीबद्दल सांगितलं, तर त्यांनी दाखल क्रमांकासमोर “संक्षिप्त पाठ” अशी नोंद केली आणि खरेदीच्या यादीत पूर्ण अनुवादाचं नाव माझ्याकडूनच लिहून घेतलं. समितीची बैठक मार्चमध्ये असते. तोवर कुणाला हवी असेल तर माझी प्रत आहे. नावांचा आणि वारांचा कागद आत घडी करून ठेवला आहे, पण वारांचा कागद सोळाव्या प्रकरणाआधी उघडू नका.